'डीपी म्हणजे काय?' हे मी तेव्हा विचारलं नाही



मागच्या आठवड्यात पंढरपूरला एक दिवसाची कार्यशाळा घेतली. पंचवीस-तीस जण होते. सकाळपासून मी फळ्यावर लिहीत होतो, टर्नओव्हर, मार्जिन, ब्रेक-इव्हन, वर्किंग कॅपिटल. सगळे माना डोलावत होते. मला वाटलं, काय मस्त चाललंय आज! जेवणाच्या सुट्टीत मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान असलेला एक मुलगा हातात ताट घेऊन बाजूला आला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि म्हणाला, "सर, टर्नओव्हर म्हणजे वर्षाचा नफाच ना?"

मी विचारलं, वर्षाची विक्री किती होते? म्हणाला, पंचावन्न लाखांच्या आसपास. जीएसटी नंबर आहे? नाही. का नाही? तर त्याला कुणीतरी सांगितलं होतं की माल विकणाऱ्याचा टर्नओव्हर ४० लाखांच्या आत असेल तर नंबर लागत नाही. आणि त्याच्या हिशोबाने त्याचा टर्नओव्हर होता सहा-सात लाख.

मित्रांनो, ४० लाखांची ती मर्यादा विक्रीची आहे, नफ्याची नाही. एका पॅनवर तुमचे जेवढे धंदे असतील त्या सगळ्यांची मिळून विक्री. त्यात करमाफ मालाची विक्रीसुद्धा मोजली जाते. मराठीत यासाठी 'उलाढाल' असा सरळ शब्द आहे. त्या मुलाने कुणाला फसवलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. एका शब्दाचा अर्थ त्याने अंदाजाने लावला होता. आता मागचा कर त्याला गिऱ्हाइकाकडून मागता येणार नाही, खिशातून भरावा लागेल, वर व्याज आणि दंड वेगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सीएकडे पाठवला.

त्या दिवशी घरी येताना एसटीत माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. सकाळी दोन तासांत तो शब्द मी वीस-पंचवीस वेळा तरी वापरला असेल. एकदाही थांबून अर्थ सांगितला नाही. त्यानेही हात वर केला नाही. त्याने का केला नाही, हे मला बरोबर माहितीये, कारण मीही एकदा केला नव्हता.

ती गोष्ट मी व्हिडिओत कधी पूर्ण सांगितलेली नाही. आज सांगतो.

आमचं बार्शीला इलेक्ट्रिकलचं दुकान. २०१७ साली मी बँकेकडून पाच लाखांची कॅश क्रेडिट लिमिट घेतली. मी बीबीए झालेला, सोलापूरला शिकलेला, घरात बँकेची कामं माझ्याकडेच. कागदांचा गठ्ठा पुढे आला. साहेबांनी पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या, मी सह्या करत गेलो. शेवटी साहेब म्हणाले, "दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्या, डीपीप्रमाणे चालेल." मी म्हणालो, "हो सर, माहितीये."

काय माहिती होतं मला? आमच्या गावाकडे डीपी म्हणजे लाईटची डीपी, जी जळाली की तीन दिवस मोटर बंद. मोबाईलवर डीपी म्हणजे फोटो. बँकेतली डीपी म्हणजे ड्रॉइंग पॉवर, एवढं कॉलेजात वाचलेलं आठवत होतं. पाच मार्कांची टीप लिहिलेली असणार कधीतरी. पण माझ्या दुकानात, माझ्या आकड्यांत त्याचा अर्थ काय, हे मला अजिबात माहीत नव्हतं. विचारलं नाही, कारण बीबीए झालेला माणूस हे कसं विचारणार? मागे दोन जण उभे होते, ओळखीचे होते.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात होती. सप्टेंबरात मी माळा, दिवे, पंखे, वायर असा भरपूर माल भरला, त्यातला बराचसा उधारीवर. दुकानात माल होता ७,२०,०००चा. त्यातला ३,६०,०००चा माल असा, ज्याचे पैसे मी अजून दिले नव्हते. लिमिट पाच लाखांची, मी उचललेले २,१५,०००. माझं गणित सोपं होतं, अजून २,८५,००० शिल्लक. म्हणून पुण्याच्या होलसेलरला १,३०,०००चा चेक दिला.

चेक परत आला.

बँकेचं गणित असं होतं. दुकानातला माल ७,२०,०००, त्यातून देणेकऱ्यांचे ३,६०,००० वजा, कारण ज्या मालाचे पैसे दिलेच नाहीत तो माल तुमचा कसा? राहिले ३,६०,०००. त्यातून २५ टक्के मार्जिन म्हणजे ९०,००० वजा. राहिले २,७०,०००. ही झाली डीपी. म्हणजे मंजुरी पाच लाखांची असली तरी त्या महिन्यात मी जास्तीत जास्त २,७०,००० उचलू शकत होतो. २,१५,००० आधीच उचललेले. माझ्या हातात होते फक्त ५५,०००. आणि हे गणित मांडायला लागणारा प्रत्येक आकडा मीच माझ्या हाताने स्टॉक स्टेटमेंटमध्ये भरून दिला होता!

होलसेलर भला माणूस. भांडला नाही, केस-बिस केली नाही. फक्त म्हणाला, "इथून पुढं आधी आरटीजीएस, मग माल." ऐन दिवाळीच्या तोंडावर माझी उधारी बंद. शेवटी बायकोचं गंठण गहाण टाकून माल आणला. ती काही बोलली नाही. पाडव्याला ओवाळताना तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती आणि माझी आई तिकडे बघत होती, एवढं मला अजून दिसतं.

तर, हा लेख शब्दांचे अर्थ बघण्याबद्दल आहे. पण मी तुम्हाला 'रोज दहा नवीन इंग्रजी शब्द शिका आणि कॉन्फिडन्स वाढवा' असं सांगणार नाहीये. असे व्हिडिओ भरपूर आहेत, तुम्ही बघितलेही असतील. त्यातले किती शब्द पुढच्या आठवड्यात आठवले? माझं मत स्पष्ट आहे. दुकानदाराने शब्द पुस्तकातून गोळा करू नयेत, स्वतःच्या टेबलावरच्या कागदातून घ्यावेत. बँकेचं पत्र, भाडेकरार, कंपनीचं डीलरशिपचं पत्र, जीएसटीची नोटीस, मालाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं. तिथला जो शब्द कळत नाही तो तुमचा शब्द, कारण त्याला तुमचे पैसे चिकटलेले आहेत.

आणि अनुभवाने सांगतो, पूर्ण अनोळखी शब्द तेवढा घात करत नाही. 'हायपोथिकेशन' वाचलं की माणूस निदान अडखळतो, कुणाला तरी विचारतो. घात करतो तो अर्धा ओळखीचा शब्द. टर्नओव्हर, डीपी, लिमिट, मार्जिन. रोज तोंडात असतात म्हणून आपण थांबतच नाही.

'मार्जिन'च घ्या. दुकानात मार्जिन म्हणजे आपला नफ्याचा हिस्सा. पण तो कशावर मोजलेला? ८० रुपयांना आणलेली वस्तू १०० ला विकली तर २० रुपये सुटले. विक्रीवर मोजलं तर २० टक्के, खरेदीवर मोजलं तर २५ टक्के. एजन्सीवाला 'पंचवीस टक्के मार्जिन आहे शेठ' म्हणाला आणि तुम्ही १०० रुपयांच्या विक्रीवर २५ सुटतील असं धरून भाडं-पगाराचं गणित बसवलं, तर दर शंभराला पाच रुपयांचं भोक पडलं. त्याने खोटं सांगितलं नाही. तुम्ही 'कशावर?' हे विचारलं नाही.

तोच शब्द घेऊन बँकेत जा. तिथे मार्जिन म्हणजे तुम्ही स्वतः घालायचा हिस्सा, म्हणजे येणारे पैसे नाहीत, जाणारे. आणि पीएमईजीपी योजनेत 'मार्जिन मनी' हे चक्क सबसिडीचं नाव आहे! तिथेही आणखी एक गाठ आहे. सबसिडी मंजूर झाली म्हणजे पैसे हातात आले असं नसतं. ती रक्कम बँकेत तुमच्या नावाच्या ठेवीत तीन वर्षं ठेवलेली असते आणि त्यानंतर कर्जात वळती होते. तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही आणि ठेवीवर देतही नाही. हे माहीत नसल्यामुळे 'सबसिडी आली की मशीनचा दुसरा हप्ता देऊ' असं ठरवून बसलेले किमान चार जण मला भेटलेत.

आमच्या दुकानाशेजारी एक आडतवाले काका होते. आता ते थकलेत, दुकानात मुलगा बसतो. शाळा चौथीपर्यंत. पण त्यांना कुणी फसवल्याचं मी ऐकलं नाही. त्यांची एकच सवय होती. समोरचा काहीही बोलला, मग तो बँकेचा साहेब असो, वकील असो, नाहीतर कंपनीचा टाय लावलेला पोरगा, काका हात वर करायचे आणि म्हणायचे, "म्हंजी काय?" लाज नाही, संकोच नाही. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न, "म्हंजी माझं किती जाणार?" समोरच्याने आकडा सांगेपर्यंत काका पेन उचलायचे नाहीत.

माझा चेक परत आला त्या संध्याकाळी त्यांनीच मला चहा पाजला. म्हणाले, "तुला विचारायची लाज वाटली. कशामुळं? तर शिकलास म्हणून. मी शिकलो असतो तर मलाबी वाटली असती." मला तेव्हा राग आला होता त्यांचा. आता नाही येत.

शिकलेल्या माणसाला ही अडचण जास्त असते, हे मी माझ्या वर्गात बघतो. बचत गटाच्या बायका पटकन विचारतात, "दादा, हे काय ते नीट सांगा." एमबीए झालेला पोरगा शेवटपर्यंत गप्प.

बरं, अर्थ बघायचा कुठे? बहुतेक जण काय करतात, मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरतात आणि भाषांतर वाचतात. वाईट नाही, मीही करतो. पण धंद्याच्या कागदातला शब्द आणि रोजच्या बोलण्यातला शब्द दिसायला एक असला तरी अर्थ वेगळा असतो, आणि यंत्र बऱ्याचदा रोजचा अर्थ काढून देतं. करारात 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नाही, मोबदला. 'सिक्युरिटी' म्हणजे वॉचमन नाही, तारण. 'चार्ज' म्हणजे फी नव्हे, बोजा, तोच जो सातबाऱ्यावर चढतो. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे पेटी-तबला नव्हे, चेक किंवा हुंडीसारखा कागद. चेक परत गेल्यावर ज्या कलम १३८ ची भीती घालतात त्या १८८१ च्या कायद्याच्या नावातच हा शब्द आहे.

आणि एक वाक्प्रयोग तर मी वर्गात प्रत्येकाच्या वहीत लिहून घेतो, 'जॉइंटली अँड सेव्हरली'. मराठी कागदात 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' असं येतं. मित्राच्या दहा लाखांच्या कर्जाला तुम्ही दोघे जण जामीनदार राहिलात, तर तुम्हाला वाटतं आपल्या वाट्याला फार तर पाच लाख. तसं नाही. हे शब्द असतील तर बँक सगळेच्या सगळे दहा लाख एकट्या तुमच्याकडे मागू शकते. तीन शब्दांत अख्खं घर जाऊ शकतं.

म्हणून माझा क्रम असा. आधी त्याच कागदात शोधायचं. बऱ्याच करारांत सुरुवातीला व्याख्या दिलेल्या असतात, त्या आपण गाळून पुढे जातो. तिथे नसेल तर ज्याने कागद दिला त्यालाच विचारायचं, आणि काकांसारखं, माझ्या आकड्यांत सांगा म्हणायचं. शब्दकोश त्यानंतर. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात, त्यात वाणिज्य, अर्थशास्त्र, न्यायव्यवहार असे वेगवेगळे कोश आहेत. इंग्रजी शब्द टाकला की मराठी प्रतिशब्द मिळतो.

आता काही जण म्हणतील, मराठी प्रतिशब्द इंग्रजीपेक्षा अवघड! कबूल. 'अनुज्ञप्ती' वाचून मलाही 'लायसन्स' आठवायला दोन सेकंद लागतात. पण सगळे तसे नाहीत. हायपोथिकेशनला 'नजरगहाण' म्हणतात. बघा, शब्दातच चित्र आहे. माल तुमच्या दुकानात, बँकेची त्यावर नजर. सोनं तारण ठेवलं की सोनं बँकेच्या तिजोरीत जातं, तिथे ताबाच त्यांचा. एवढा फरक एका शब्दात बसला. डेप्रिसिएशनला 'घसारा', बॅलन्स शीटला 'ताळेबंद', प्रिन्सिपलला 'मुद्दल', वर्किंग कॅपिटलला 'खेळतं भांडवल'. बीबीएच्या तीन वर्षांत 'वर्किंग कॅपिटल'ची व्याख्या मी पाठ केली, पण 'खेळतं' हा शब्द ऐकला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की हे पैसे फिरते राहिले पाहिजेत, रॅकवर झोपले की संपलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी कीर्द-खतावणी लिहून धंदे केलेत. धंदा समजायला आधी इंग्रजी यावंच लागतं, हे मला मान्य नाही. इंग्रजी शिका, फायद्याचंच आहे. पण तोपर्यंत अर्थाशिवाय सही करू नका.

कर्जाच्या बाबतीत तर आता नियमही तुमच्या बाजूने आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. व्याज, प्रोसेसिंग फी, इतर सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात एका आकड्यात द्यावं लागतं. ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत पाहिजे, आणि ते त्याला समजावून सांगितल्याची पोचही घ्यावी लागते. शिवाय सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात, पत्रक दिल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. त्यामुळे 'आजच सही करा, उद्या ऑफर संपेल' असं कुणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, पत्रक मराठीत द्या, घरी नेऊन वाचतो.

तो एक आकडा किती कामाचा आहे बघा. माझ्या एका विद्यार्थ्याला शिलाई मशीनसाठी एक लाख हवे होते, दोन वर्षांसाठी. बँक म्हणाली १४ टक्के. एक फायनान्सवाला म्हणाला १२ टक्के फ्लॅट. पोरगा खूश, दोन टक्के वाचले! 'फ्लॅट' शब्दावर तो थांबलाच नाही. फ्लॅट म्हणजे तुम्ही हप्त्याहप्त्याने मुद्दल फेडत असलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर. वर्षाला १२,०००, दोन वर्षांचे २४,०००. बँकेचे १४ टक्के उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे दोन वर्षांत साधारण १५,२०० व्याज. 'स्वस्त' कर्ज पावणेनऊ हजारांनी महाग! बँकेच्या पद्धतीने मोजलं तर ते १२ टक्के फ्लॅट जवळपास साडेएकवीस टक्क्यांना पडतं. आम्ही वर्गात कॅल्क्युलेटरवर हे काढलं तेव्हा तो म्हणाला, "सर, हे तर त्यानं सांगितलंच होतं, फ्लॅट म्हणून." हो, सांगितलं होतं.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं, "आमचा सीए आहे, तो बघतो सगळं." चांगलं आहे, सीए पाहिजेच. पण सीएकडे तुमचा कागद जातो तो सही झाल्यावर, मार्च जवळ आला की. सही करताना टेबलावर तुम्ही एकटे असता. आणि सीएला तरी काय विचारायचं हे कळायला शब्द लागतोच ना? 'काहीतरी नोटीस आलीय' आणि 'आयटीसीच्या फरकाची नोटीस आलीय' यात फोनवर किती फरक पडतो ते तुमच्या सीएला विचारा.

दुसरं म्हणजे वेळ. "दुकान सांभाळू की शब्द बघत बसू?" ही तक्रार खरी आहे. मीही गिऱ्हाईक समोर असताना डिक्शनरी काढत नाही. गल्ल्याखाली शंभर पानी वही आहे, चेक परत आला त्या आठवड्यात घेतलेली. शब्द दिसला की फक्त शब्द आणि कुठे दिसला ते लिहून ठेवायचं. रात्री हिशोब मिटवताना पाच मिनिटं, एक शब्द. अर्थ माझ्या भाषेत आणि खाली माझ्या दुकानातलं उदाहरण आकड्यासकट. आकडा लिहिता आला नाही तर समजायचं, अर्थ अजून कळलेला नाही. पहिल्या पानावर 'ड्रॉइंग पॉवर' आहे आणि खाली ते ७,२०,०००चं गणित. आठ-नऊ वर्षांत दोन वह्या झाल्यात. म्हणजे फार काही नाही, महिन्याला दोन-तीन शब्द. तेवढे पुरले.

आम्हा ट्रेनर लोकांबद्दलही बोललं पाहिजे. आम्ही यूएसपी, आरओआय, फनेल, स्केल असे शब्द उधळतो, कारण ते ऐकायला भारी वाटतं आणि फी घेताना बरं पडतं. मी धुतल्या तांदळासारखा नाही, जुने व्हिडिओ बघा. पंढरपूरनंतर मी एक नियम केलाय. वर्गात ज्याने कुणी 'म्हणजे काय?' विचारून मला अडवलं, त्याला त्या दिवशीचा चहा माझ्याकडून. मागच्या रविवारी सतरा चहा झाले. दोन तासांचा विषय चार तास चालला आणि शेवटचा भाग राहिलाच. पण त्या सतरातला एक प्रश्न असा होता की त्याचं उत्तर मलाच नीट देता आलं नाही, वहीत लिहून घेतला.

शेवटी एका ताईंचं सांगतो. बार्शी तालुक्यातल्याच, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करतात. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानाने ३८,००० रुपयांची ऑर्डर दिली. कागदावर एका कोपऱ्यात तीन अक्षरं होती, एसओआर. ताईंना वाटलं ऑर्डरचा नंबर असेल. ते होतं 'सेल ऑर रिटर्न', म्हणजे विकलं गेलं तर पैसे, नाहीतर माल परत. चार महिन्यांनी २२,०००चा माल परत आला, बऱ्याच पाकिटांची 'बेस्ट बिफोर'ची तारीख जवळ आलेली. ऑर्डर पक्की समजून त्यांनी मिरची उधारीवर उचलली होती. ते पैसे फेडायला त्यांना पुढचा अख्खा हंगाम लागला.

त्या माझ्या वर्गात आल्या त्या यानंतर. गेल्या महिन्यात त्यांना नवीन ऑर्डर आली, दुसऱ्या दुकानाची. कागदाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं होतं, "दादा, यात एसओआर नाही, दोनदा बघितलं. पण 'नेट ३०' लिहिलंय. अर्थ बघितला, तीस दिवसांत पैसे. पण तीस दिवस बिलाच्या तारखेपासून का माल पोचल्यापासून ते लिहिलेलं नाही. त्यांना विचारलंय. आणि माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, तर ४५ दिवसांच्या वर त्यांना थांबवता येत नाही म्हणतात ते खरं का?"

खरं आहे. ताईंसारख्या माल तयार करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात ते आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे, पण माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. मी तसं लिहून पाठवलं.

दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, "माल पोचल्यापासून तीस, असं त्यांनी कळवलंय. मी म्हणलं, ते कागदावर लिहून द्या. कागद आला की मिरची भरते."